जमिनीला नोटीस आली की पहिल्या साठ दिवसांत काय करायचं

बाबांच्या हातात भूसंपादनाचा चेक पडला तेव्हा मी नववीत होते. एका मोठ्या प्रकल्पात आमची दोन एकर भातशेती गेली. चावडीवर टेबल मांडलं होतं, नाव पुकारलं की पुढे जायचं, सही करायची आणि चेक घ्यायचा. बाबांनी सांगितली तिथे सही केली. आमच्या बांधाला बांध असलेल्या काकांनी सहीच्या वर पेनाने दोन शब्द लिहिले, ‘हरकत राखून’. अकरा वर्षांनी कोर्टाने त्यांचा मोबदला वाढवून दिला. बाबांना काही मिळालं नाही. काकांचा निकाल लागल्यावर तीन महिन्यांच्या आत अर्ज केला असता तर आम्हालाही वाढीव दर मागता आला असता. ही तरतूद तेव्हाही कायद्यात होती, पण आम्हाला ती कळली तोवर मुदत केव्हाच उलटली होती.

आज बावीस वर्षं मी रायगड जिल्ह्यात तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिते. वारस नोंद, मोजणी, हरकती, सगळं. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, म्हणजे ३२३.४४ चौरस किलोमीटर, कर्नाळा-साई-चिरनेर नवीन शहरासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिली गेली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. तेव्हापासून माझ्यासमोर रोज कोणीतरी घडी पडलेला कागद ठेवतं आणि विचारतं, ‘ताई, आता काय करायचं?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. अर्ज मी लिहून देते, पण अधिसूचना निघाली असेल तर जमिनीच्या कामातला वकील त्याच आठवड्यात गाठा, हे आधीच सांगते.

आधी कागदाचं डोकं वाचा

लोक आधी मोबदल्याचा आकडा शोधतात. त्याआधी नोटिशीची पहिली ओळ वाचा, म्हणजे ती कुठल्या कायद्याखाली आली आहे ते कळेल. जमीन जायचे रस्ते बरेच आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

२०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना असेल, तर कलम १५ खाली हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायदा असेल तर फक्त २१ दिवस. एमआयडीसीच्या कायद्याचं कलम ३२ असेल तर कारणं दाखवायची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. आणि नगररचना कायद्याखाली, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपीखाली, विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा टीपी स्कीम (नगररचना योजना) असेल तर साधारण ३० दिवस.

या शेवटच्याला लोक सगळ्यात हलक्यात घेतात, आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आराखड्याच्या नकाशावर तुमच्या गटावर बगिच्याचा हिरवा किंवा रस्त्याचा रंग चढतो, पण हातात नोटीस येत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात येते, ती कोणी वाचत नाही. नुसता नकाशाच तर आहे, जमीन कुठे घेतायत, असं गावात म्हणतात. पण एकदा आरक्षण कायम झालं की पुढे भांडण बहुतेक पैशांचंच उरतं. रस्ता पन्नास फूट सरकवायची संधी आराखड्याच्या हरकतीतच असते, नंतर ती फारशी नसते.

टीपी स्कीममध्ये तर संपादन हा शब्दच येत नाही. नवी मुंबई विमानतळाच्या आसपासच्या नैना भागात सिडकोच्या टीपी स्कीममध्ये मूळ जमिनीच्या ४० टक्के विकसित अंतिम भूखंड मालकाला मिळतो, बाकी रस्ते आणि सोयींसाठी जाते. काहींना ते परवडतं. पाच गुंठेवाल्याचं गणित वेगळं आणि पाच एकरवाल्याचं वेगळं, म्हणून ‘सगळे देतायत तर आपणही देऊ’ असं करू नका. अंतिम भूखंड कुठे पडतो, त्याला रस्ता किती रुंद, सुधार खर्च किती मागितलाय, हे तिन्ही लेखी मागा.

मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची यावरून वाद होतात. अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि संकेतस्थळावर वेगवेगळ्या दिवशी लागते. तुम्ही सगळ्यात आधीची तारीख धरा. एकसष्टाव्या दिवशी आलेल्या माणसाला परत पाठवताना माझ्याच पोटात खड्डा पडतो.

सातबारा आज काढा

नोटीस यायची वाट पाहू नका. सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा आणि जुने फेरफार काढून ठेवा. मग चार गोष्टी तपासा.

वारस नोंद झाली आहे का? आजोबांच्या नावावरच सातबारा असेल तर नोटीस आजोबांच्या नावाने निघेल. बहिणींची नावं लावा. मोबदल्याचा वास लागला की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारात जातात, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. बहिणींनो, न वाचता सही करू नका. आणि भावांनो, वाद झाला तर रक्कम कोणालाच न मिळता मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होऊन पडून राहते.

इतर हक्कात काय आहे? जुन्या सोसायटीचा फिटलेला बोजा, कुळाचं नाव, हे आत्ताच कमी करून घ्या. पीकपाहणी भरली आहे का? भातानंतर वाल-पावटा घेत असाल, शेततळ्यात जिताडा सोडत असाल, तर ते नोंदीत दिसलं पाहिजे. कारण २०१३ च्या कायद्याचं कलम १० सांगतं की ओलिताची बहुपीक जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची. ‘पड’ लिहिलेल्या जमिनीवर तुम्ही हे बोलू शकणार नाही.

चौथी गोष्ट घराची. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरं आमच्याकडे गावोगावी आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिलं, जितकी जुनी मिळतील तितकी गोळा करा. घराचा फक्त एक कोपरा संपादनात जात असेल तर कलम ९४ खाली अख्खं घर घ्या असा आग्रह धरता येतो. अर्धी भिंत घेऊन गेले आणि बाकीचं घर धोक्यात राहिलं, असं सोसायची गरज नाही.

हरकत कशी लिहायची

‘आमचा प्रकल्पाला विरोध आहे’ एवढंच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात. एकच मजकूर झेरॉक्स काढून शंभर जणांनी सह्या केल्या की उत्तरही एकच छापील येतं. गावाचा सामुदायिक अर्ज जरूर द्या, ग्रामसभेचा ठराव जोडा, पण प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या गटाचा वेगळा अर्जही द्यायचा.

कायद्याने तीन बाजूंनी हरकत घेता येते: ही जमीन या कामाला योग्य आहे का आणि एवढी लागते का, सार्वजनिक प्रयोजन खरं आहे का, आणि सामाजिक परिणामांचा अहवाल बरोबर आहे का. मी साधारण असं लिहिते:

‘मा. जिल्हाधिकारी यांस. विषय: कलम १५ अन्वये हरकत, मौजे अमुक, गट क्र. अमुक, क्षेत्र अमुक. मी वरील गटाची खातेदार असून सदर जमीन माझ्या कुटुंबाच्या प्रत्यक्ष वहिवाटीत आहे. १) सदर गटात दोन हंगामांत पिके घेतली जातात, पीकपाहणीचे उतारे सोबत जोडले आहेत. कलम १० नुसार इतर पर्यायी जमिनीचा विचार झाला किंवा कसे, याची कागदपत्रे मला द्यावीत. २) गटाच्या पूर्वेस लागूनच शासकीय पड जमीन आहे, नकाशा सोबत. ती वगळून माझी जमीन का निवडली याची कारणे द्यावीत. ३) संपूर्ण क्षेत्र घेतल्यास माझे कुटुंब भूमिहीन होते. ४) सामाजिक परिणाम निर्धारण झाले असल्यास मराठी अहवालाची प्रत द्यावी, त्यातून सूट दिली असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी. ५) मला व्यक्तिशः सुनावणी द्यावी आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’

चौथा मुद्दा मुद्दाम आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे, परवडणारी घरं अशा प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून आणि संमतीच्या अटीतून सूट देण्याची वाट केली. म्हणून ‘सत्तर टक्के लोकांची संमती लागतेच’ असं चावडीवर कोणी सांगितलं तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ७० टक्के संमतीची अट सरकारी-खासगी भागीदारीला आणि ८० टक्क्यांची खासगी कंपनीला आहे, आणि सूट मिळाली असेल तर तीही उरत नाही. सूट आहे की नाही हे कागदावर आणा.

पाचवा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाला धरून आहे. कोलकाता महापालिकेच्या त्या खटल्यात न्यायालयाने घटनेच्या कलम ३००अ मधून मालकाचे सात हक्क मोजून दाखवले: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला, वेळेत प्रक्रिया आणि ती शेवटास नेणं.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर थांबा. अगदीच घेत नसतील तर त्याच दिवशी नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाकीट टाका.

हरकतीने काय होतं असं विचारणाऱ्यांना मी पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचं सांगते, तिथे टाटांच्या मोटार कारखान्यासाठी शेतजमीन घेतली होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथलं संपादन रद्द केलं, त्यात शेतकऱ्यांच्या हरकतींचा नीट विचारच झाला नव्हता हे एक मोठं कारण होतं. हरकतीच दिल्या नसत्या तर न्यायालयाने काय तपासलं असतं?

मोजणीच्या दिवशी घरातला माणूस बांधावर हवा

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी आणि प्रकल्पाचे लोक येतात. त्या दिवशी कामावर खाडा पडला तरी चालेल, पण हजर राहा. विहीर, बोअर, आंबा, नारळ, साग, गोठा, कुंपण, पाइपलाइन, सगळं पंचनाम्यात मोजून घ्या. कलमी आंबा आणि रायवळ यांचा दर वेगळा, झाडाचं वयही लिहून घ्या. आदल्या दिवशी मोबाइलवर तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा.

कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही नको. चूक दिसली तर भांडत बसू नका, खाली लिहा, ‘विहीर व सात आंबे नोंदवलेले नाहीत, हरकत राखून सही’. मोजणी अडवायची की होऊ द्यायची हा गावाचा निर्णय असतो, आणि गावाने अडवायचं ठरवलं तर मी त्यांच्या बाजूने उभी राहते. पण अडवायची असेल तर तीही लेखी कारण देऊन आणि शांतपणे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. आज आमच्या हातात जी कायद्याची कलमं आहेत ती त्यांच्याकडे नव्हती.

आकडा स्वतः काढा

कलम २६ प्रमाणे रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा दर, आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम, यांतली सगळ्यात मोठी ती बाजारभाव. सरासरी काढताना अधिसूचनेच्या आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घेतात आणि त्यांतली चढ्या किमतीची निम्मीच धरतात. हे वाक्य पाठ करा, कारण इथेच फरक पडतो. दुय्यम निबंधकाकडून शेजारच्या गावांचे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखतांच्या नोंदीचे उतारे काढा आणि अधिकाऱ्याने कुठली खतं धरली त्याची यादी माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मग गुणांक, म्हणजे बाजारभावाला ज्याने गुणतात तो आकडा. शहरी भागात तो १, ग्रामीण भागात १ ते २ मध्ये. तुमच्या गावाला किती लावला आणि कुठल्या अधिसूचनेनुसार, हे विचारा.

हिशेब असा. समजा दहा गुंठे गेले, बाजारभाव गुंठ्याला दोन लाख. झाले २० लाख. गुणांक २ धरला तर ४० लाख. झाडं-विहिरीचे ३ लाख मिळवा, ४३ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ८६ लाख. शिवाय सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत) किंवा ताब्यापर्यंत, जे आधी असेल तोवर, मूळ बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. दोन वर्षं लागली तर ४ लाख ८० हजार. एकूण ९० लाख ८० हजार. गुणांक १ लावला तर हाच आकडा ५० लाख ८० हजारांवर येतो. म्हणून मी म्हणते, गुणांकाचा कागद मागा.

पैशांपलीकडचंही आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलंय की शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला २० टक्के हिस्सा जमीनमालक कुटुंबांसाठी राखून, संपादन आणि विकासाच्या खर्चाच्या किमतीत, त्यांना द्यायचा. हे मागणारा माणूस मला क्वचित भेटतो. आणि ज्यांची जमीन नाही पण तीन वर्षांपासून पोट त्या जागेवर आहे, मिठागरावरचे मजूर, गणपतीच्या कारखान्यातले कारागीर, कूळ, त्यांनाही प्रकल्पबाधित म्हणून दावा करता येतो. त्यांचे अर्ज वेगळे लिहा, मालकाच्या अर्जात एक ओळ टाकून भागत नाही.

थेट खरेदीचं बोलणं

निवाड्याआधी बहुतेक वेळा थेट खरेदीचा प्रस्ताव येतो, कायद्याने निघणाऱ्या मोबदल्यापेक्षा २५ टक्के जास्त असं सांगून. हा मोह खरा आहे आणि काहींसाठी निर्णयही बरोबर ठरतो. पण खरेदीखतावर सही म्हणजे पुढे वाढीव मोबदल्यासाठी जायची वाट बंद. २५ टक्के कुठल्या आकड्यावर, तो आकडा आधी वर सांगितला तसा स्वतः काढा. दलाल दोन दिवसांत उत्तर मागतो, तुम्ही दोन आठवडे घ्या. कोणी म्हणालं की नाही दिलीत तर तातडीच्या कलमाने घेऊ, तर शांत राहा. या कायद्याचं कलम ४० संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांपुरतं आहे, नवीन शहर त्यात बसत नाही. नगररचना कायद्याखाली मोबदला टीडीआरमध्येच, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कात, घ्या असं सांगितलं तर तोही तुमच्या संमतीचा विषय आहे. रोख मोबदला मागता येतो.

घड्याळ तुमच्या बाजूनेही चालतं

कलम ११ च्या अधिसूचनेपासून बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्द समजली जाते. घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा झाला नाही तर कार्यवाही संपते. सरकार कारणं लिहून मुदत वाढवू शकतं, म्हणून वाढवली का आणि कधी, हे त्या महिन्यातच विचारा. भिंतीवर कॅलेंडर लावून या तारखा लाल पेनाने खुणा करा.

पेणच्या लोकांना हे नवीन नाही. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी, प्रा. एन. डी. पाटलांच्या मार्गदर्शनाखाली, आमची जमीन ओलिताची आहे हाच मुद्दा लावून धरला. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला तिथे मतदान घ्यावं लागलं. पुढे मुदतीत निवाडे झाले नाहीत आणि ते संपादन बारगळलं. त्या शेतांत आजही भात होतो.

आराखड्यात आरक्षण पडून दहा वर्षं झाली आणि जमीन कोणी घेतलीच नाही, अशीही पुष्कळ माणसं येतात. त्यांच्यासाठी एमआरटीपीचं कलम १२७ आहे. दहा वर्षांनंतर नियोजन प्राधिकरणाला खरेदी सूचना द्यायची, मालकीचे कागद जोडून. २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. पण आरक्षण उठल्याची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

चेक घेताना

पैसे नाकारायची गरज नाही. घ्या, घराला लागतात. पण पावतीवर सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहा: ‘मोबदला अपुरा असल्याने हरकत राखून स्वीकारत आहे.’ कलम ७७ प्रमाणे हरकत न नोंदवता रक्कम घेतली तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. लिहू देत नाहीत म्हणाले तर त्याच दिवशी वेगळा अर्ज आवक करा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर कलम ६४ चा अर्ज सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी येईल ते. तिथून तो प्राधिकरणाकडे जातो, आणि प्राधिकरणाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत उच्च न्यायालय. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे आयकर नाही, कोणी कापून घेत असेल तर कलम दाखवा.

आणि ज्यांनी अर्ज केला नाही त्यांनी गावातल्या दुसऱ्या कोणाचा निकाल लागतो यावर लक्ष ठेवा. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याचा मोबदला प्राधिकरणाने वाढवला, तर कलम ७३ खाली निकालापासून तीन महिन्यांत तुम्हालाही तोच दर मागता येतो. निकाल ऐकला त्याच दिवशी त्याची नक्कल मागायला जा. माझ्या टेबलावर या अर्जाचा नमुना काचेखाली ठेवलेला आहे, त्याचे पैसे मी कोणाकडून घेत नाही.